केटल आणि नळांवरचे क्षार काढताना सायट्रिक ॲसिडमध्ये सोडा घालावा का?

सोडा नको. उकळणंही नको. फेस आला की जोर वाढतो का, असं तुम्ही विचारलंय, आणि तेच पाणी वॉशिंग मशीनमध्ये फिरवलं तर चालेल का, हेही. मशीनचं शेवटी बघू. आधी सोडा, कारण त्यावरून माझं आणि भावोजींचं अजून वाजतं.

भावोजींचा सिद्धांत असा की फेस दिसतोय म्हणजे काम चाललंय. ताईकडे पाणी जड, केटलच्या तळाला चांगला जाड पापुद्रा धरलेला. यांनी त्यात मूठभर सायट्रिक ॲसिड टाकलं, वर खाण्याचा सोडा. फेस उसळून ओट्यावर आला तसं आम्हा सगळ्यांना हाका मारून दाखवला. पाणी ओतल्यावर पापुद्रा होता तिथेच. मी म्हणाले, "अहो भावोजी, ॲसिड आणि सोड्याने एकमेकांनाच संपवलं, क्षारांच्या वाट्याला काय उरलं?" तर म्हणे, पुस्तकातलं वेगळं आणि घरातलं वेगळं.

वेगळं काहीही नसतं. तो पापुद्रा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड लागलं की त्यातूनही कार्बन डायऑक्साइडच सुटतो, पण ते बुडबुडे बारीक असतात आणि थेट थरातून वर येतात. सोड्याचा फेस सोड्याचा असतो. दोन्ही संपल्यावर भांड्यात उरतं सोडियम सायट्रेटचं पाणी, आणि त्याने असला जाड थर हलत नाही. इंटरनेटवर दिसणाऱ्या 'ॲसिड अधिक सोडा' छापाच्या नुस्ख्यांमध्ये घासणाऱ्याच्या मनगटाखेरीज कोणीच काम करत नसतं, हे माझं ठाम मत आहे.

पण भावोजी हार मानणाऱ्यातले नव्हेत. दुसऱ्या फेरीत सोडा वगळला (माझ्यामुळे नव्हे, डबा संपला म्हणून), पावडर दुप्पट केली आणि केटल पुन्हा पुन्हा उकळत ठेवली. या वेळी तळाला पांढरी रेती बसली. बोटाला खरखरीत लागणारी, घासून न निघणारी. लगेच निकाल: पावडर भेसळीची, दुकानदाराला परत करतो!

पावडर उत्तम होती. ती रेती म्हणजे कॅल्शियम सायट्रेट. ते एका लिटर पाण्यात एक ग्रॅमभरही नीट विरघळत नाही, आणि पाणी तापवलं की आणखी कमी. द्रावण गरम, त्यात कॅल्शियम भरपूर, वर आटतही चाललेलं, म्हणजे ते खाली बसणारच. 1784 मध्ये रसायनशास्त्रज्ञ कार्ल शीलेने लिंबाच्या रसातून सायट्रिक ॲसिड पहिल्यांदा वेगळं काढलं ते याच गुणाचा उपयोग करून: आधी रसातलं ॲसिड कॅल्शियम सायट्रेट म्हणून खाली बसवायचं, मग सल्फ्युरिक ॲसिडने मोकळं करायचं. शीलेला ते हवं होतं. ताईला नको होतं.

भावोजी बाहेर गेल्यावर मी केटलमध्ये ताजं, साध्या पाण्यातलं द्रावण भरलं आणि चक्क विसरून गेले. ताज्या ॲसिडमध्ये सायट्रेटसुद्धा हळूहळू सुटतं. संध्याकाळी ओतून नवीन भरलं, सकाळी तळ लख्ख. यावर भावोजी काय म्हणाले असतील? "माझ्या डोसाने आधीच सैल झालं होतं."

तर प्रमाण: लिटरभर पाण्याला 20 ते 30 ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे. पाणी कोमट, हाताला सोसेल इतपतच. केटलमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा. थर जाड असेल तर पावडर वाढवू नका, पाणी ओतून द्रावण नवीन घ्या. मग खळबळून धुवा आणि एकदा साधं पाणी उकळून फेकून द्या. नळाला याच द्रावणात भिजवलेलं फडकं गुंडाळा. शॉवरची जाळी काढून वाटीत बुडवा, पण पितळी असेल तर विसरून जाऊ नका, पितळ गुलाबी पडतं.

संगमरवरी फरशीपासून लांब ठेवा, तोही कॅल्शियम कार्बोनेटच, पांढरे डाग कायमचे पडतील. ॲल्युमिनियमच्या भांड्यालाही नको. आणि ब्लीच किंवा ब्लीच असलेल्या कुठल्याही क्लीनरबरोबर अजिबात नको, क्लोरीन वायू सुटतो. हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं, पण भावोजी मध्ये आले.

मशीनचं म्हणाल तर आधी तिच्यासोबतचं पुस्तक बघा. कोणी सायट्रिक ॲसिड चालवतं, कोणी रबर आणि धातूच्या भागांसाठी नको म्हणतं. चालत असेल तर कपडे न घालता कोमट पाण्यावर फिरवा, 90 अंशांवर नाही, नाहीतर केटलमधली रेती ड्रममध्ये. गीझरच्या टाकीत मात्र स्वतः ओतू नका. आत गंज रोखण्यासाठी मॅग्नेशियमचा दांडा असतो, ॲसिड आधी तोच खातं. ते काम टाकी उघडणाऱ्या माणसाचं.

आणि नळावरच्या डागावर थेंब टाकून थोडा वेळ थांबलात, तरी एकही बुडबुडा आला नाही, तर तो थर बहुतेक सिलिकाचा, म्हणजे वाळू-काचेच्या जातीचा असेल. त्याला सायट्रिक ॲसिड काहीही करत नाही, मग प्रमाण विचारू नका.