प्रस्तावित खाण, जनसुनावणी आणि ग्रामसभा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या शिवारालगतच्या खुल्या कोळसा खाणीसाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी जाहीर झाली आहे. सारे गाव विरोधात आहे. सुनावणीवर बहिष्कार टाकावा का? (एक शेतकरी, वणी तालुका)

उत्तर : टाकू नये. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार या सुनावणीला गणपूर्तीची (किमान हजेरीची) अट नाही. मंडप रिकामा राहिला तरी ती पार पडल्याची नोंद होते आणि गावाचा विरोध कागदावर येतच नाही. तेथे मतदानही होत नाही. मात्र मांडल्या गेलेल्या प्रमुख हरकतींना कंपनीला पर्यावरणावरील परिणामांच्या अंतिम अहवालात उत्तर द्यावे लागते, आणि मंजुरी मिळालीच तर ३० दिवसांत राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणविषयक न्यायाधिकरणाकडे, अपील करताना हीच नोंद हाताशी असते.

‘खाण नको’ एवढे बोलून खाली बसू नका. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेत अहवालाचा पूर्ण मसुदा पाहायला मिळतो. केवळ मराठी सारांशावर विसंबू नका. तुमचा नाला, गुरांचा पाणवठा, नळयोजनेची विहीर त्यात आहे का, हे एकेक करून तपासा. खुल्या खाणीत खड्ड्यातले पाणी सतत उपसावे लागते आणि त्यामुळे भोवतालच्या विहिरींची पातळी खालावू शकते. म्हणून प्रत्येक विहिरीत दोर सोडून पाण्याची खोली आजपासूनच तारीखवार वहीत लिहू लागा, कारण खाण सुरू झाल्यावर ‘पूर्वी पाणी होते’ हे तोंडी सांगणे कोणी ऐकत नाही. हरकत लेखी द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या.

प्रश्न : लोहखनिजाच्या खाणीविरुद्ध ग्रामसभेने ठराव घेतला. तो बंधनकारक असतो का? (एटापल्ली तालुका)

उत्तर : तो कोणत्या कायद्याच्या आधारे घेतला, यावर ते ठरते. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार (अनुसूचित क्षेत्रांतील, म्हणजे आदिवासी भागांतील, ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) ग्रामसभेची पूर्वशिफारस वाळू-मुरमासारख्या गौण खनिजांसाठी अनिवार्य आहे. लोहखनिज त्यात येत नाही, आणि भूसंपादनापूर्वी केवळ विचारविनिमयाची तरतूद आहे. निव्वळ पेसाचा हवाला देणारा ठराव म्हणूनच तोकडा पडतो. खाणीसाठी वनजमीन लागणार असेल, तर २००६ च्या वन अधिकार कायद्याचा, विशेषतः ग्रामसभेला वनरक्षणाचा अधिकार देणाऱ्या कलम ५ चा, आधार घ्या आणि सामूहिक वनहक्काचे दावे प्रलंबित असल्यास तसे ठरावात नमूद करा. ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील बॉक्साइट खाणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. वन अधिकार नियमांप्रमाणे निम्मे सदस्य उपस्थित हवेत आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. ठरावाचा मजकूर कितीही जोरकस असला, तरी हजेरीच्या सह्या अपुऱ्या असतील तर विरोधी वकील आधी तेच पान उघडतो.

प्रश्न : खाणीच्या नकाशात आमचे झुडपी जंगल ‘पडीक’ दाखवले आहे. (नागपूर जिल्हा)

उत्तर : सातबाऱ्याचा उतारा जोडून हरकत घ्या. पूर्व विदर्भातील झुडपी जंगल हे वनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी स्पष्ट केले आहे. त्यामुळे वनेतर वापरासाठी वन मंजुरी लागते.

प्रश्न : सरकारी कोळसा कंपनीसाठी जमीन जाणार म्हणून काही जण घरोघरी संमतिपत्रावर सह्या घेत आहेत. सही करावी का? (राजुरा तालुका)

उत्तर : घाई करू नये. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखालील संपादनाला तुमची संमती लागतच नाही, तेव्हा ती कशासाठी हवी आहे, हे आधी लेखी विचारा. जमीन संपादनाचा इरादा जाहीर करणारी कलम ७ ची अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवसांत हरकत घेण्याचा हक्क मात्र तुम्हाला आहे. मोबदला किंवा नोकरी हवी असलेल्यांनीही ही मुदत चुकवू नये.