पांढरा सदरा, ट्यूबलाइटचे पट्टे आणि मोफत साधनं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हातात अँड्रॉइड फोन, घरी ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप, खर्च करायचा नाही, आणि विषय रोजचेच, म्हणजे बाजार, गल्ली, घरातली माणसं. तक्रारी तीन. उन्हात पांढरे कपडे पांढरेफटक होतात. घरात दिव्याखाली फोटोवर पट्टे येतात किंवा फोटो हलतो. आणि दहा-बारा अ‍ॅप उतरवूनही कुठलं कशासाठी ते कळत नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात सोपी. फोनवर ओपन कॅमेरा (फोटो काढायला) आणि स्नॅपसीड (फोटो सुधारायला), लॅपटॉपवर डार्कटेबल (कच्च्या फाइल सुधारायला) आणि डिजिकॅम (फोटो लावून ठेवायला), एवढी चार साधनं पुरतात. चारही मोफत आहेत. बाकीची काढून टाका आणि निदान तीन महिने नवीन काही उतरवू नका. पहिल्या दोन तक्रारी मात्र शटर दाबतानाच सुटतात, नंतर कुठलंही साधन त्या पुरत्या दुरुस्त करू शकत नाही. म्हणून आधी त्या.

त्याच्याही आधी भिंग पुसा. फोनचं भिंग खिशात, हातात सतत घासतं आणि त्यावर बोटांचा तेलकट थर बसतो. दिव्यांभोवती धुरकट वलयं, उजेडासमोरच्या फोटोत फिकटपणा, या गोष्टींचं कारण बहुतेक वेळा तोच थर असतो. धुतलेलं मऊ सुती कापड पुरतं. पावसाळ्यात एसीतून बाहेर आल्यावर भिंगावर बाष्प जमतं. ते पुसत बसू नका, फोन बाहेरच्या हवेइतका कोमट होईपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबा.

आता पांढरा सदरा. कॅमेऱ्याचं मोजमाप चौकटीतला उजेड मधल्या करड्या रंगाच्या आसपास आणायला बघतं. मंडईत टोपी-सदऱ्यातला माणूस सावलीतल्या गाळ्यासमोर उन्हात उभा असेल, तर चौकटीचा बराचसा भाग काळोखा असतो. फोन तो काळोख उजळायला जातो आणि सदरा ओव्हर होतो, म्हणजे पांढराफटक होऊन तपशील गमावतो. उलट, चुन्याने रंगवलेली भिंत चौकटभर असेल तर तीच भिंत मळकट करडी येते. कारण एकच, बिघाड दोन. आषाढीच्या वारीत तर एकाच फोटोत पांढरे कपडे, उन्हाने रापलेले चेहरे आणि ढगाळ आभाळ असतं, म्हणजे पूर्ण परीक्षाच.

करायचं असं. चौकटीतल्या सगळ्यात उजळ पण महत्त्वाच्या जागेवर, इथे सदऱ्यावर, बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत येणाऱ्या उजेडाचं प्रमाण) तिथेच लॉक होतं. आता सदराच करडा दिसेल आणि बाकी सगळं अंधारात जाईल, कारण फोनने सदऱ्यालाच मधला रंग मानलं. इथे बरेच जण घाबरून लॉक सोडतात. सोडू नका. बाजूची उजेडाची पट्टी हळूहळू वर न्या आणि सदरा पांढरा दिसू लागला, पण त्याच्या चुण्या अजून दिसताहेत, अशा जागी थांबा. ओपन कॅमेऱ्यात यासाठी झेब्रा पट्टे (जादा उजळ जागेवर उमटणाऱ्या तिरक्या रेघा) आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) दोन्ही आहेत. त्यासाठी सेटिंग्जमध्ये कॅमेरा एपीआयचा पर्याय ‘कॅमेरा२’ करावा लागतो. पट्टे सदऱ्यावर नुकते उमटू लागले की एक पायरी खाली या.

एवढा आटापिटा पांढऱ्यासाठीच का? सेन्सरवरचा बिंदू उजेडाने भरून वाहिला की त्यात फक्त ‘पूर्ण पांढरा’ एवढीच नोंद उरते. चुण्यांची माहिती फाइलमध्ये नसतेच, मग कुठलं साधन ती आणणार? सावलीत मात्र माहिती असते, फक्त दबलेली. ती वर काढता येते, बदल्यात थोडा रवाळपणा येतो. म्हणून शंका असेल तेव्हा फोटो जरा अंडर, म्हणजे किंचित काळोखा काढा.

भर उन्हाचं गणित वेगळं लक्षात ठेवा. फोनचं अ‍ॅपर्चर बहुतेक वेळा स्थिर असतं, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र लहान-मोठं होत नाही, समजा एफ/१.८. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० ठेवला तर शटर (उजेड आत येण्याचा वेळ) सेकंदाच्या १/८००० च्या आसपास जातं. म्हणजे उन्हात फोटो हलण्याचा प्रश्नच नाही, अडचण फक्त ऊन-सावलीतल्या तफावतीची आहे. तिच्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे माणसाला दोन पावलं सरकवणं. ओसरीची कड, दुकानाच्या छपराखालची जागा, झाडाची दाट सावली. माणूस सावलीत आणि तोंड उघड्या आभाळाकडे. चेहऱ्यावर उजेड सारखा पसरतो, डोळ्यांत चमक येते. विरळ पानांखालची ठिपकेदार सावली मात्र टाळा, चेहऱ्यावर कवडसे पडतात आणि ते कुठल्याच साधनाने नीट जात नाहीत.

दिव्याखालचे पट्टे. भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबचा किंवा साध्या एलईडीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही. फोनचा सेन्सर मात्र चित्र ओळीओळीने वाचतो. शटर १/१०० सेकंदापेक्षा जलद असेल तर काही ओळींना भर उजेड मिळतो, काहींना मंद, आणि पट्टे उमटतात. फोन आडवा धरला की उभा, त्यावर पट्ट्यांची दिशा ठरते. म्हणून ओपन कॅमेऱ्यात आयएसओ स्वतः निवडा आणि शटर १/१००, १/५० किंवा १/२५ ठेवा. या वेळांत उजेडाची पूर्ण आवर्तनं बसतात, मग प्रत्येक ओळीला सारखाच उजेड मिळतो. बसून गप्पा मारणाऱ्या माणसांसाठी १/५० आणि आयएसओ ४०० ते ८०० पासून सुरुवात करा. खेळत्या मुलासाठी निदान १/१०० हवं, आयएसओ वाढला तरी चालेल. रवाळ फोटो पाहवतो, हललेला पाहवत नाही. १/२५ ला हात टेकलेला हवा: कोपर बरगडीला, पाठ भिंतीला, आणि बटणाऐवजी दोन सेकंदांचा टायमर.

हे करूनही पट्टे राहिले तर दिवा तपासा. डिमर लावलेल्या काही एलईडींची लुकलुक विजेच्या आवर्तनाशी जुळत नाही. तिथे शटर बदलत बसण्यापेक्षा दिवा बदलणं बरं. आणि दिवसा खिडकी असेल तर दिवा सरळ बंद करा. पिवळट दिवा साधारण २७०० केल्व्हिनचा असतो (उजेडाच्या रंगाचं हे माप, आकडा कमी तितका पिवळा), खिडकीतला उजेड त्याहून कितीतरी निळा. दोन्ही एकदम पडले की अर्धा चेहरा हळदीचा आणि अर्धा राखेचा दिसतो. एकच व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) दोघांना लागू पडत नाही.

रॉ, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल, काढायचं का, हेही तुम्ही विचारलंय. सरसकट नको. १२ मेगापिक्सेलची डीएनजी (रॉचाच एक प्रकार) फाइल दाबलेली नसेल तर सुमारे २४ एमबी होते, जेपीईजी तीन-पाच एमबीत भागतं. शिवाय रात्री फोनचं स्वतःचं अ‍ॅप अनेक चौकटी एकत्र करून रवाळपणा घालवतं, ओपन कॅमेऱ्याची डीएनजी मात्र एकाच चौकटीची असते. त्यामुळे अंधारात मूळ अ‍ॅपचा नाइट मोडच बहुधा सरस ठरतो. रॉ उपयोगी पडतो तो ऊन-सावलीच्या मोठ्या तफावतीत आणि मिश्र उजेडात. कॅमेरा२ निवडूनही रॉचा पर्याय दिसत नसेल तर तुमचं काही चुकलेलं नाही, त्या फोनच्या निर्मात्याने ती सोय इतर अ‍ॅपना खुली ठेवलेली नाही.

रोजच्या जेपीईजीला स्नॅपसीड पुरतं. आधी क्षितिज सरळ करा आणि कापा, मग हायलाइट्स (उजळ भाग) थोडे खाली, शॅडोज (सावलीचे भाग) थोड्या वर. दोन्हीकडे १५-२० च्या पुढे जायची गरज क्वचितच पडते. चेहरा तेवढा उजळायला ‘सिलेक्टिव्ह’चा ठिपका गालावर ठेवा आणि चिमटीने त्याचं वर्तुळ लहान करा. ‘स्ट्रक्चर’ हात राखून वापरा, कातडी खरबरीत होते आणि आभाळाच्या कडेने उजळ रेघ उमटते.

डीएनजी डार्कटेबलमध्ये उघडा. पहिल्यांदा ते बोजड वाटतं, कारण मॉड्यूल, म्हणजे दुरुस्तीची वेगवेगळी साधनं, खूप आहेत. लागतात पाच-सहाच. एक्स्पोजरने चेहरा योग्य उजेडावर आणा, त्या वेळी आभाळाची काळजी करू नका. मग फिल्मिक आरजीबी किंवा सिग्मॉइड यांपैकी एकाने उजळ भाग सावरा. दोन्ही एकदम सुरू ठेवू नका, टोन दोनदा दाबला जाऊन फोटो मरगळतो. रंग कलर कॅलिब्रेशनमध्ये दुरुस्त करा आणि वेगळं व्हाइट बॅलन्स मॉड्यूल आहे तसं राहू द्या. दोन्हीकडे हात घातला की रंग विचित्र होतात आणि लाल सूचना येते. टोन इक्वलायझरने सावली उचला, शेवटी डीनॉइझने रवाळपणा कमी करा. लॅपटॉप अडखळत असेल तर प्रोसेसिंगच्या सेटिंगमध्ये रिसोर्सेस ‘स्मॉल’ करा. निर्यात करताना जेपीईजी, दर्जा ९० ते ९५, रंगव्यवस्था एसआरजीबी. दुसरी रंगव्यवस्था निवडली तर बऱ्याच फोनवर रंग फिके दिसतात.

डार्कटेबल मूळ फाइलला हात लावत नाही, तुमचे बदल शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये ठेवतं. म्हणूनच डार्कटेबलने घेतलेली फाइल विंडोजच्या एक्सप्लोररमधून हलवू नका, तिचं नावही बदलू नका. मूळ फाइल जुन्या जागी सापडली नाही की चित्राऐवजी कवटी दिसते. नावं ठेवायची ती आधीच: फोल्डर ‘वर्ष-महिना-दिवस-विषय’ या क्रमाने, म्हणजे नावाने लावले तरी तारखेनेच लागतात. मग डिजिकॅममध्ये माणसं, गाव, सण असे टॅग द्या. टॅग फाइलमध्येच लिहिण्याचा पर्याय सुरू करा, नाहीतर ते फक्त डिजिकॅमच्या डेटाबेसमध्ये राहतात आणि लॅपटॉप बदलला की मागे पडतात. गूगल फोटोजच्या भरवशावर मूळ प्रती ठेवू नका. जून २०२१ पासून तिथली मोफत जागा जीमेल आणि ड्राइव्हसकट १५ जीबीच आहे. एक बाहेरची हार्ड डिस्क हवी, आणि दुसरी प्रत नातेवाइकाच्या घरी.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. प्रिंटसाठी फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पण तेव्हा फोटोतली जागेची नोंदही सोबत जाते, घरचे फोटो अनोळखी माणसाला असे पाठवू नका. ६×४ इंचाच्या प्रिंटला १८००×१२०० पिक्सेल लागतात, १२×८ ला ३६००×२४००. फोनचा फोटो ४:३ असतो आणि हा कागद ३:२, म्हणजे उंचीतला सुमारे ११ टक्के भाग कापला जाणार. स्टुडिओवाल्यावर सोडलं तर कुणाचं डोकं जाईल सांगता येत नाही. स्वतःच ३:२ मध्ये कापून द्या.

गावातली वेस, बारव, वीरगळ असे फोटो जमले की विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाचं खुल्या परवान्याच्या फोटोंचं भांडार) मूळ आकारात चढवा, मराठी वर्णन आणि जागेसकट. अशा जागांचे चांगले फोटो मिळणं खरंच अवघड असतं. परवाना सीसी बाय-एसए ४.० निवडा (तुमचं नाव देऊन, त्याच परवान्याने कुणीही वापरू शकतं), ‘व्यावसायिक वापर नको’ ही अट तिथे चालत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मुळे इमारतींचे आणि सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पांचे फोटो देता येतात. भिंतीवर रंगवलेली चित्रं आणि पोस्टर यांना ही सवलत नाही. चित्रकाराचा हक्क चालू असेल तर ते फोटो तिथून काढून टाकले जातात.