फाउंटन ग्रास वाळलंय, उपटू का?

प्रश्न: थंडीत फाउंटन ग्रास (बागेतलं शोभेचं गवत) पार तपकिरी झालंय, झुपक्याचा मधला भागही पोकळ दिसतोय, मेलं का हो?

उत्तर: अहो थांबा, उपटू नका! हे गरम हवेतलं गवत, थंडीत झोपतं आणि माती तापल्याशिवाय हलत नाही, म्हणून बाकीची झाडं फुटली तरी हे उशीरच करणार. थंडी संपता संपता सुतळीने झुपका बांधा आणि 4-6 इंच ठेवून कापा, पण नवे कोंब यायच्या आधी हं, नाहीतर त्यांचीच टोकं छाटली जातात. मध्ये पोकळ म्हणजे झुपका जुना झालाय, कोंब दिसले की खणून कडेचे तुकडे लावा, मधलं टाकून द्या. खत बेतानंच, नायट्रोजन जास्त झालं की पाती लोळतात. जांभळ्या पानांचं असेल तर मात्र कडाक्याच्या थंडीत खरंच मरतं, ते आत ठेवायला हवं होतं.