घाट उतरण्याआधी

बेळगाव,
कोजागरीचा दुसरा दिवस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. समुद्रावर गळ टाकायला रॉड किती फुटी घेऊ, रील कितीचं, ब्रेड (विणलेली दोरी) किती पाउंडाची, असं बरंच विचारलंयस. आणि सगळ्यात शेवटी लिहिलंयस, ‘मला एकट्यानंच शिकायचंय, चार लोकांत गेलं की आपली जागा फुटते.’ रॉडचं उत्तर सोपं आहे. पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, टाकणार असशील तर दहा-अकरा फुटी, खडपावर, म्हणजे पाण्यालगतच्या खडकावर, आणि खाडीत आठ-नऊ फुटी पुरतो. रील ४००० किंवा ५००० नंबरचं, ब्रेड वीस ते तीस पाउंड. घरी आल्यावर रीलवरून गोडं पाणी सोडायचं, नाहीतर वर्षभरात बेअरिंग गंजून जाईल. झालं. हे पत्र मी लिहितोय ते तुझ्या त्या शेवटच्या ओळीसाठी.

तू मार्कंडेय नदीच्या काठानं आणि हिडकल धरणाच्या पाण्यात गळ टाकत मोठा झालास. तिथं पाणी आहे तिथं राहतं. आज गाठलेला डोह उद्याही तिथंच सापडतो, म्हणून तिथं एकट्याचं भागतं. समुद्र दिवसातून चार वेळा जागा बदलतो. वेंगुर्ल्याच्या मुलाला ते शिकवावं लागत नाही, तो दात घासताना पाणी बघतो. आपण घाटावरचे. हिंडलगा, शिनोळी, चंदगड, आंबोली, सावंतवाडी करत सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर जायचं, चार-पाच तास गळ टाकायचा आणि अंधार पडायच्या आत घाट चढायचा. रेल्वे यायच्या आधी बेळगावच्या छावणीचं सामान वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचं आणि याच वाटेनं वर यायचं. सामान वर येतं, मासळीही येते, कॅम्पातल्या मार्केटात रोज बघतोस. पण कुठल्या खडपाला पाणी कधी टेकतं, ही माहिती आपसूक घाट चढत नाही. ती कुणीतरी सांगावी लागते.

माझं काय झालं ते सांगतो. मला लहानपणापासून भरतीचं एक गणित पाठ होतं. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असली तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. तिथून सहा तास मागं गेलं की सकाळी नऊला पूर्ण ओहोटी. त्या हिशोबानं मी एका चतुर्थीला एकटाच खडपावर गेलो. साडेदहा वाजले होते. ओहोटी होऊन दीडच तास झाला, अजून वेळ आहे, असं समजून बसलो होतो. मागं वळून बघतो तर ज्या घळीतून घोटाभर पाण्यातनं आलो, तिथं कमरेच्या वर पाणी आणि त्यात फेस. किनाऱ्यावर एक म्हातारे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं टाकणारे, जाळं वाळत घालत होते. ते ओरडून हातानं डावीकडं दाखवायला लागले. तिकडून खडकाची एक पाठ पाण्याखालून किनाऱ्यापर्यंत जात होती, वरून दिसत नव्हती. त्यावरून चालत मी बाहेर आलो. त्यांना मी माझं गणित सांगितलं. ते म्हणाले, ‘ता गणित मुंबयचा, हयचा नाय.’

खरं होतं. मुंबईची भरती आपल्याकडच्या किनाऱ्यापेक्षा उशिरा येते, आणि मुंबईत उधाणाला साडेचार-पाच मीटरपर्यंत पाणी चढतं, तिथं गोवा-कारवारकडं दोन मीटरच्या आसपास. शिवाय तेरेखोलसारख्या खाडीत जेवढं आत जाशील तेवढी भरती उशिरा पोचते. तोंडाशी पाणी फिरलेलं असतं आणि आत अजून चढत असतं. दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात. आता मोबाईलवर वेळा मिळतात, त्या बघच. पण ‘या घळीत पाणी मागून भरतं’ हे कुठल्या तक्त्यात नसतं. ते त्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात होतं. ते त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं, आणि तिथून पुढं आमच्या गळ टाकणाऱ्या गटातल्या आठ जणांच्या.

आठ जण म्हणजे किती, याचा हिशोब कर. नोकरी-धंदा सांभाळून, पावसाळा सोडून, एक माणूस वर्षाला फार तर बारा-पंधरा वेळा घाट उतरतो. आठ जण मिळून शंभराच्या आसपास फेऱ्या होतात. आम्ही प्रत्येक फेरीचं टिपण ठेवतो आणि एकमेकांना देतो. तिथी, भरतीची वेळ, वारा, पाण्याचा रंग, आमिष, आणि काय लागलं. शहापूरच्या एका मित्राच्या वहीतलं एक पान माझ्यापुढं आहे, ते तसंच उतरवतो: ‘कार्तिक वद्य द्वितीया. सकाळी साडेसहा ते साडेदहा. वारा नाही. पाणी निवळ. आधी बांगड्याचा तुकडा, मग कोळंबी. काही नाही. दोनदा खेकड्यानं गळ साफ केला.’

हे पान मला सोन्यासारखं वाटतं. मोठ्या तांबोशीचा फोटो कुणीही पाठवतो. रिकाम्या हातानं आलो, आणि अमक्या पाण्यात अमकं करून आलो, हे सांगायला मन मोठं लागतं. त्या हंगामात असलीच सहा-सात पानं जमली. सगळी निवळ पाण्याची, सगळी दिवसा-उजेडाची, आणि सगळ्यांचा लीडर, म्हणजे गळालगतची दोरी, जाड. मग आमच्यातल्या एकानं तेच पाणी तिन्हीसांजेला गाठलं, लीडर बारीक लावला, आणि त्याच खडपावर त्याला लागोपाठ तीन पालू लागले. एकट्यानं हे शोधायला मला चार वर्षं लागली असती. नुसते फोटोच फिरत राहिले की नवीन पोराला वाटतं, सगळ्यांना रोज मिळतंय, मलाच जमत नाही. मग तो गळ माळ्यावर टाकतो. अशी दोन गुणी पोरं मी गमावलेली बघितलीत. म्हणून तू आमच्यात आलास की पहिली मागणी ही, की रिकाम्या फेरीचं टिपण आधी लिहायचं.

नावांचंही तसंच. रायगडकडं ज्याला जिताडा म्हणतात तो गोव्यात चोणक. आमच्यात एक जण म्हापशाला नोकरीला होता, एक अलिबागला. दोघं वर्षभर दोन वेगळ्या माशांबद्दल बोलत राहिले. फोटो शेजारी ठेवले तेव्हा कळलं की मासा एकच, आणि दोघांचं ज्ञान जोडल्यावर तो केवढा मोठा होतो ते कळलं. हा मासा आधी नर असतो आणि वाढला की मादी होतो. म्हणजे खाडीच्या तोंडाशी लागलेला खूप मोठा जिताडा बहुतेक मादी असते, अंड्यांनी भरणारी. गोबरा या माशाचं बरोबर उलटं, आधी मादी, मोठा झाल्यावर नर. हे मला आमच्यातल्या एका जीवशास्त्राच्या सरांनी सांगितलं, खडपावर बसून, चहा ओतता ओतता. तेव्हापासून आम्ही फार मोठा जिताडा परत सोडतो. सोडायचा तर हात आधी पाण्यात बुडवायचे. कोरड्या हातानं धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याचं रक्षण करत असतो.

एकदा खाडीत माझ्या गळाला शिंगाळा लागला. वर काढला तर तोंडातून टपटप करत गोट्यांएवढी पिवळसर अंडी खडकावर पडली. मला वाटलं त्यानं काहीतरी खाल्लंय. शेजारी उभ्या गड्यानं माझा हात धरला. म्हणाला, ‘नर हाय तो. पोरं फुटेपर्यंत अंडी तोंडात धरून ऱ्हातो, तेवढे दिवस खायत न्हाई.’ आम्ही दोघांनी गुडघ्यावर बसून ती अंडी ओंजळीत गोळा केली आणि त्याच्यासकट पाण्यात सोडली. त्यातली किती जगली देव जाणे. पण त्या दिवसापासून शिंगाळ्याला मी हलका मासा म्हटलं नाही.

आता जिवाचं बोलतो, कारण एकटं जाऊ नको म्हणतो ते मुख्यत: यासाठी. पुळणीवर गुडघाभर पाण्यात चालताना माझा पाय पाकट या चपट्या माशावर पडला होता. शेपटीचा काटा घोट्याजवळ घुसला. आग अशी की मला उभं राहता येईना. बरोबरच्यानं हॉटेलातून गरम पाणी आणलं, पाय सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवला, आणि तिथून सरळ डॉक्टरकडं नेलं. ते विष उष्णतेनं मोडतं, हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं. एकटा असतो तर गाडी चालवत घाट चढायचं माझ्यानं झालं नसतं. पाण्यात पाय उचलून टाकू नकोस, वाळूतून घासत चाल, पाकट आधीच बाजूला होतं. शिंगाळ्याचे काटेही तसेच, त्याला मुठीत धरायचा नाही. आणि फुगणारा केंड लागला तर कितीही टपोरा दिसो, खायचा नाही. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

खडपावर चढण्याआधी वीस मिनिटं नुसतं बसून समुद्र बघ. लाटा एकसारख्या येत नाहीत, मधूनच एखादी मोठ्यांची रांग येते. खडक कुठवर ओला आहे ते बघ आणि त्याच्या बराच वर उभा राहा. काळ्या शेवाळावर पाय नको. समुद्राकडं पाठ नको, गळ बांधतानासुद्धा. एप्रिल-मे महिन्यात फसू नकोस. इथं वारा पडलेला असतो, आभाळ स्वच्छ असतं, आणि दूर दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांनी उठलेला लाटांचा फुगवटा दोन-चार दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळतो. हैदराबादची इन्कॉइस संस्था त्याचा अंदाज देते, आमच्यातला एक जण दर शुक्रवारी तो बघून सगळ्यांना कळवतो. ढग गडगडले की रॉड खाली ठेवायचा, कार्बनच्या दांड्यातून वीज वाहते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. आपण बोटवाले नाही, तरी ते ६१ दिवस आमच्यातला कुणीही खडपावर जात नाही. नारळी पौर्णिमेला कोळी नारळ वाहतात, त्यानंतरच आम्ही दोऱ्या तपासायला काढतो.

आणि कॅन. पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन, झाकण घट्ट लावलेला, त्याच्या कडीला वीस मीटर दोरी. प्रत्येकाकडं एक. कुणी पाण्यात पडला तर मागोमाग उडी मारायची नाही, कॅन फेकायचा. तळाला थोडं पाणी ठेवलं की तो वाऱ्यावर भरकटत नाही, लांब जातो. हे आम्ही दरवर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी पुळणीवर फेकून बघतो. आता तूच सांग, एकट्या माणसाचा कॅन कोण फेकणार?

तुझी जागा फुटण्याची भीती मी खोटी म्हणत नाही. एक चांगली जागा सगळ्या गावात झाली आणि दोन हंगामात तिथं बाटल्या आणि तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीची, भेंडोळी उरली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून आमच्यात एक रीत आहे. भरती, वारा, आमिष, गाठी, धोके, हे कुणीही विचारलं तर हातचं न राखता सांगायचं. नेमका खडक मात्र सांगायचा नाही, माणसाला हाताला धरून तिथं न्यायचं. जो एक दिवस आपल्याबरोबर बसतो, तुटलेला तंगूस खिशात घालून परत आणतो, त्यालाच ती जागा. आणि जागा आपली कधीच नसते, हेही लक्षात ठेव. समोर रापण पडली असेल तर गळ गुंडाळायचा आणि दोरीला हात लावायचा. त्या लोकांचं पोट त्यावर आहे, आपण रविवारचे. मला ज्यांनी घळीतून बाहेर काढलं त्यांची रापण मी नंतर कितीतरी वेळा ओढली. ओढणाऱ्याचा वाटा म्हणून बांगडे हातात ठेवायचे आणि पुढच्या खेपेला कुठं बसायचं तेही सांगायचे.

एक गाठ तेवढी आत्ताच शिकून ठेव. कुठलीही गाठ आवळण्याआधी ती जिभेनं ओली कर. सुकी आवळलीस तर घासून तंगूस तापतो आणि नेमका तिथंच कमजोर होतो. आवळल्यावर नखानं चाचपून बघ. खरखरीत लागली की काप आणि पुन्हा बांध. रात्री जेवण झाल्यावर दहा गाठी बांधत जा, दिवा मंद करून, कारण पहाटे खडपावर उजेड नसतो.

दिवाळी झाली की पहिल्या रविवारी आम्ही उतरतोय. भरती दुपारी असेल. नेमकी वेळ मी वेंगुर्ल्यात विचारून तुला शुक्रवारी फोन करतो. पहाटे चारला हिंडलग्याच्या गणपतीपाशी उभा राहा. रॉड नवा घेऊ नकोस, माझ्याकडं जादा आहे. कॅन मात्र तुझा तू आण, आणि झाकणातून पाणी गळत नाही ना, ते घरी बादलीत बुडवून बघून आण.

तुझा,
काका