दूध नासू द्या, पेला नितळ होईल

प्रश्न : पणजीच्या एका बारमध्ये काजू फेणी आणि कोकमाचं कॉकटेल घेतलं. काचेसारखं नितळ, फिकट गुलाबी. बारटेंडर म्हणाला, यात दूध आहे! घरी केलं तर नुसता चोथापाणी. कुठं चुकलं?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : बहुतेक तुम्ही आंबट मिश्रणात दूध ओतलंत. उलट करा. फेणी २०० मिली, गोड कोकम सरबताचा अर्क १००, लिंबाचा रस ६० आणि पाणी ४० मिली एकत्र करा. आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, घेऊ नका, त्यात मीठ असतं. आता भांड्यात १०० मिली सायीसकट गार दूध घ्या आणि त्यावर हे मिश्रण बारीक धारेनं सोडा. दूध नासायलाच हवं. त्यातलं केसीन हे प्रथिन आंबटानं गोळा होतं आणि गढूळपणा, तुरटपणा, थोडा रंगही ओढून घेतं. पेय फिकट दिसतं ते त्यामुळेच.

अर्धा तास न हलवता ठेवा, मग मलमलीच्या फडक्यातून गाळा. पहिली धार गढूळच येते. ती त्याच चोथ्यावर हलकेच परत ओता. चोथ्याचा थर हीच खरी गाळणी. फडकं पिळायचं मात्र नाही. सोलकढीसाठी नारळ पिळून पिळून आपल्या हाताला सवय झालेली असते आणि नेमका तिथेच घात होतो. शेवटी कॉफीच्या गाळणकागदातून थेंब थेंब उतरू द्या. दोन-तीन तास लागतात. नारळाच्या दुधात केसीन नसतं, त्यामुळे ते इतकं नितळ उतरेल याचा भरवसा नाही.

प्रश्न : बारच्या काउंटरवर बसल्यावर बघायचं काय?

उत्तर : आधी बर्फ. मोठा, कोरडा, टणक हवा. पाणी सुटलेला बर्फ पेय पातळ करतो. रस असलेलं पेय शेकरमध्ये दहा-बारा सेकंद जोरात हलवतात, डब्यावर पांढरं दव धरेपर्यंत. नुसती दारूच असेल तर लांब चमच्यानं अर्धा मिनिट शांतपणे ढवळतात, म्हणजे हवा शिरून धुरकट होत नाही. ओतण्याआधी बारटेंडर स्ट्रॉ बुडवून वरच्या टोकावर बोट दाबतो आणि थेंबभर चाखतो, तो क्षण चुकवू नका. बाटल्या हवेत उडवणं ही सर्कस, ती सोडून द्या. आडवारी संध्याकाळी सातच्या सुमारास जा. ऑर्डरींची रांग लागली की प्रश्न विचारू नयेत.

प्रश्न : दिवाळीत गोव्याला चाललो आहोत. हुर्राक, ती काजूच्या बोंडांची दारू, मिळेल का? एक बाटली घरी आणायची आहे.

उत्तर : ताजी नाही मिळणार. काजूची बोंडं उन्हाळ्यात, म्हणून दारू गाळायची भाटीही मेपर्यंतच. हुर्राक पहिल्या धारेची, हलकी. फेणी पुढच्या धारेची, कडक. लिंबू सोडा, मीठ, चिरलेली हिरवी मिरची एवढं हुर्राकला पुरे, शेकर लागत नाही. बाटली महाराष्ट्रात आणायची तर परवाना लागतो, सीमेवरच्या बांद्याच्या नाक्यावर तपासणी होते.