पणजी स्टँडवरची 'शटल' आणि हॉटेलवाले सांगतात ती 'एअरपोर्ट शटल' एकच का?

नाही. शटल म्हणजे वाटेत न थांबणारी गाडी, हा अर्थ आमच्या गोव्यातला. इंग्रजीत शटल म्हणजे मूळचा कापड विणायच्या मागावरचा धोटा. तो ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे आणि परत फिरतो, म्हणून ठरावीक दोन ठिकाणांमध्ये सतत ये-जा करणाऱ्या वाहनालाही तेच नाव पडलं. ते मध्ये थांबतं की नाही, हे त्या शब्दात येतच नाही. रेल्वेच्या कितीतरी शटल गाड्या प्रत्येक स्टेशनवर थांबतात. १९८१ ते २०११ उडालेलं स्पेस शटलही शटलच, कारण ते जाऊन परत यायचं.

कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेची, शटल मात्र खरोखर नॉनस्टॉप. पणजी–मडगाव, पणजी–वास्को, पणजी–म्हापसा हे तिचे नेहमीचे मार्ग. तिकीट चढण्याआधी स्टँडवरच्या खिडकीवर काढायचं आणि रांगेत उभं राहायचं. नवख्या माणसाची चूक इथेच होते. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जायचं असतं, तो 'मडगाव' पाटी बघून शटलमध्ये बसतो आणि इस्पितळ खिडकीतून मागे जाताना बघतो. बांबोळी, आगशी, कुठ्ठाळी, वेर्णा यांपैकी कुठेही उतरायचं असेल तर साधी लोकल बस धरा. आणखी एक: मडगावची शटल कदंब स्टँडला सोडते. कोकण रेल्वेचं स्टेशन तिथून बरंच लांब आहे, गाडी पकडायची असेल तर पुढच्या रिक्षाचा वेळ हाताशी ठेवा.

हॉटेलची शटल म्हणजे बहुतेक वेळा ठरलेल्या वेळी सुटणारी, अनेकांना मिळून असलेली गाडी. 'शेअर्ड शटल' लिहिलं असेल तर ती चार हॉटेलं फिरत जाणार, पहिल्या विमानासाठी तिच्यावर विसंबू नका. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेलं नसेल तर ती फुकट आहे असं धरू नका. बुकिंग करताना कोणत्या विमानतळावरून, किती वाजता, आधी कळवावं लागतं का, हे तिन्ही विचारा. पहिला प्रश्न गोव्यात सगळ्यात महत्त्वाचा: तिकिटावर विमानतळाचा कोड जीओआय (GOI) असेल तर दाबोळी, जीओएक्स (GOX) असेल तर पेडण्यातलं मोपा. दाबोळीची शटल ठरवून मोपाला उतरलात, तर अर्धा गोवा ओलांडायचा खर्च तुमचाच.

क्रियापद म्हणूनही हा शब्द चालतो, पण एकदाच्या प्रवासाला नाही. रोज पणजी–मडगाव करणारा 'शटल' करतो. सुट्टीला एकदा मडगावला गेलेला नाही.