पाण्याखालचा हरवलेला लाल रंग

प्रश्न : पाण्याखाली काढलेली माझी जेपेग छायाचित्रे निळी-हिरवी येतात. रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ माहिती प्रक्रिया न करता साठवणारी फाइल) वापरल्याने फरक पडेल का?

उत्तर : पडेल, आणि चांगलाच पडेल. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेत असल्याने ५-६ मीटर खोलीवरच लाल मासा करडा दिसू लागतो. जेपेगमध्ये कॅमेरा आपल्या अंदाजाने व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून साधलेला रंगांचा समतोल) ठरवून प्रत्येक मूळ रंगाच्या केवळ २५६ पातळ्या राखतो, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात आणि व्हाइट बॅलन्स नंतर संगणकावर निवांतपणे बदलता येतो. मात्र सेन्सरपर्यंत (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या भागापर्यंत) न पोहोचलेला लाल प्रकाश रॉमधूनही उगवत नाही. ओढूनताणून आणल्यास छायाचित्रात नुसते दाणे (खरखरीत ठिपके) उमटतात. तेथे माशाच्या जवळ जाऊन फ्लॅश वापरणेच बरे. रॉ फाइली जड असतात, तेव्हा मेमरी कार्ड मोठे घ्यावे.